दिवा बदलू नका भाऊ, आधी जॉइंट उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याजवळ मळ्यातलं घर, पुढे लॉन आणि कडेने झाडं. तीन वर्षांपूर्वी कडेने १२ व्होल्टचे ३ वॅटचे १४ एलईडी दिवे एका ओळीत बसवले. घराच्या भिंतीवर १०० वॅटचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा, वायरमन त्यालाच ट्रान्सफॉर्मर म्हणतो), तिथून दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) दोन तारांची केबल. पहिला दिवा १० मीटरवर, शेवटचा ४५ मीटरवर. आता शेवटचे पाच दिवे मंद लागतात, पावसाळा लागला की अर्धी ओळ मिचमिचते, दोन दिव्यांत पाणी शिरलंय आणि कधी कधी घरातला आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, ‘ट्रान्सफॉर्मर मोठा टाका आणि दिवे बदला.’ टाकू का?

नका टाकू. निदान आज तरी एक रुपया खर्च करू नका. जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागात बागेच्या लाईटची कामं करून मला वीस वर्षं होऊन गेली. १२ व्होल्टच्या बागेत बिघाड झाला की मी दिव्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. १४ दिव्यांचे ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. तुमचा एसएमपीएस आठ अँपिअरच्या पुढे देऊ शकतो. जो अर्ध्या क्षमतेवरही चालत नाही त्याच्या जागी दुप्पट मोठा आणून शेवटच्या दिव्याला काय मिळणार? तेच, जे आज मिळतंय.

तुमची तक्रार एक दिसत असली तरी त्यात तीन वेगळे आजार आहेत. मंद दिवे हा एक, मिचमिचणं दुसरा, आरसीसीबी पडणं तिसरा. तिघांना एकच औषध दिलं की पैसे जातात आणि आजार राहतो.

आधी मंद दिवे. रावेरकडच्या एका केळीवाल्या काकांना हे समजावताना मला ठिबकची नळी आठवली, आणि तेव्हापासून मी तेच उदाहरण देतो. आपल्याकडे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे तारेत वाटेतच व्होल्टेज कमी होणं, म्हटलं की माणसं मान हलवतात आणि विसरतात, पण ठिबक सगळ्यांना कळतं. बारीक लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली नळी, लांबवर नेली तर शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं. मग तुम्ही मोटर मोठी आणता का? नाही, सबमेन, म्हणजे जाड पाईप, मधून काढता आणि दोन्ही बाजूंना छोट्या लॅटरल सोडता. तारेतही तसंच होतं. तार म्हणजे नळी, व्होल्टेज म्हणजे प्रेशर.

आता आकडे बघा. दीड एमएमच्या तांब्याच्या लवचिक तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१३३ ओहम. करंट जातो एका तारेने आणि परत येतो दुसरीने, म्हणून दुप्पट धरायचा. पहिल्या १० मीटरमध्ये पूर्ण साडेतीन अँपिअर वाहतो, तिथेच ०.९ व्होल्ट खर्च. पुढच्या ३५ मीटरमध्ये दिवे एकेक करून आपापला वाटा घेत जातात, तरी आणखी १.६ व्होल्ट जातात. घरातून १२ निघाले, पहिल्या दिव्याला ११ मिळाले, शेवटच्याला साडेनऊच्या आसपास. म्हणजे तुमची केबल अगदी नवी होती तेव्हासुद्धा शेवटचे दिवे जरा मंदच असणार. पहिल्या वर्षी नवलाईत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

हे हिशोबाचं साडेनऊ झालं. तुमच्या शेवटच्या दिव्याला प्रत्यक्षात किती मिळतंय ते मोजा. मीटर दोनतीनशे रुपयांचा असला तरी चालेल. पण सगळे दिवे लागलेले असताना मोजा. इथे भलेभले वायरमन चुकतात. दिवा काढतात, तारेच्या टोकाला मीटर लावतात, १२ दिसतात आणि म्हणतात, तार ठीक आहे, दिवा गेला. अहो, करंटच वाहत नसेल तर ड्रॉप कुठून होणार? नळीच्या टोकाला बूच मारलं की प्रेशर पूर्णच दिसतं. गंजून केसाएवढा उरलेला जॉइंटही बिनलोडचा १२ व्होल्ट दाखवतो. लोड पडला की त्याचं पितळ उघडं पडतं.

एक पोटसूचना. तुमच्याकडे डीसी एसएमपीएस आहे म्हणून साधा मीटर चालेल. पण काही जुन्या बागांत हॅलोजनच्या काळातले इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर अजून आहेत. त्यांचं आउटपुट हजारो हर्ट्झचं असतं, साधा मीटर तिथे काहीही आकडा दाखवतो. शिवाय त्यांना चालायला ठरावीक किमान लोड लागतो. हॅलोजन काढून एलईडी टाकले की लोड कमी पडतो आणि दिवे फडफडायला लागतात. तिथे ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागतो.

मोजायला सुरुवात एसएमपीएसच्या टर्मिनलवर करा. एमसीबी पाडून झाकण उघडा, मग चालू करून मोजा, आणि हात सांभाळा. जाळीच्या पत्र्यातल्या एसएमपीएसला २३० चे स्क्रू आणि १२ चे स्क्रू एकाच पट्टीवर शेजारी शेजारी असतात. ‘बारा व्होल्टचंच काम आहे’ म्हणून बिनधास्त बोट घालणारी माणसं मी बघितली आहेत. तिथे १२ मिळाले की थेट सातव्या दिव्याकडे जा. पहिला, दुसरा, तिसरा असं करत बसू नका. सातव्याला हिशोबाप्रमाणे दहाच्या आसपास मिळाले तर पहिली अर्धी ओळ निर्दोष. मग अकराव्याकडे. असं अर्धं अर्धं करत गेलं की तीन-चार ठिकाणी मोजून दोष दोन दिव्यांच्या मध्ये कोंडता येतो. जिथे एका दिव्यावरून पुढच्यावर जाताना अचानक अर्धा-एक व्होल्ट गायब होतो, तिथला जॉइंट खोदा. जॉइंट सापडला की मीटरचं एक टोक जॉइंटच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, त्याच तारेवर लावा. चांगल्या जॉइंटवर व्होल्टच्या शंभराव्या हिश्शातला काहीतरी आकडा दिसतो. ०.३, ०.५ दिसलं म्हणजे चोर सापडला.

आणि तो जॉइंटच असणार, कारण आपली काळी माती. पुण्या-नाशिकच्या मुरमाड जमिनीत बसवलेली बाग आणि तापीकाठची बाग यांत मोठा फरक आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. दरवर्षी एकदा ओढ, एकदा ढकल. त्यात तार ताणून सरळ पुरलेली असेल तर तो ताण सगळ्यात कमकुवत जागी जातो. ती जागा म्हणजे पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जॉइंट. भेगेतून पहिल्या पावसाचं पाणी थेट तिथवर उतरतं.

इथे एक गैरसमज काढतो. ओल्या जॉइंटमधून करंट ‘लीक’ होऊन दिवे मंद होतात असं सगळे समजतात. १२ व्होल्टला ओल्या मातीतून जाणारा करंट इतका थोडा असतो की दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नुकसान वेगळ्या वाटेने होतं. डीसीमध्ये तो थोडा करंट सतत एकाच दिशेने वाहतो आणि प्लसच्या तारेचं तांबं विरघळवतो. टेप सोडली की मायनसची तार बरी असते आणि प्लसची हिरवी पावडर झालेली असते. तुमच्याकडे बघा, पैज लावतो. पावसात मिचमिचणंही तिथूनच. अर्धवट खाल्लेली तार, त्यात माती फुगून हललेली. कधी टेकते, कधी सुटते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीच्या काळात पाचोऱ्याकडे एका लॉन्सवर मी स्वतः टेपचे जॉइंट मारून पुरले होते. पहिल्या पावसाळ्यात फोन, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात मालक फोनवर नुसतं म्हणाले, “काय व्हयनं भो, यंदा येतोस ना?” तिसऱ्या वर्षी पदरचे पैसे घालून सगळे जॉइंट जमिनीच्या वर आणले. त्यानंतर फोन आला तो मुलाच्या लग्नाच्या आमंत्रणाचा.

तर जॉइंट कसा करायचा. काळ्या मातीत जॉइंट पुरायचाच नाही, हा माझा नियम. प्रत्येक दिव्याजवळ पाईपचा वीतभर तुकडा उभा करायचा, त्याच्या डोक्यावर रबराच्या पॅकिंगचा छोटा बॉक्स, जॉइंट त्यात. झुडपाआड दिसतही नाही. गंजलेली तार चकाकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापा. हिरवी तार पॉलिश पेपरने घासून पुन्हा जोडू नका, आत कितीतरी लांब काळी पडलेली असते. क्रिंप करा (नळीत घालून पकडीने दाबा) किंवा सोल्डरचा डाग द्या, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा. साधी श्रिंक नळी आवळते, पण पाणी अडवत नाही. जेल भरलेले कनेक्टर मिळाले तर काम आणखी सोपं. पुरावाच लागला जॉइंट तर रेझिन ओतायचं किट वापरा, टेपचा नाद सोडा.

केबलही ताणून टाकू नका. एक-दीड फूट खोल चर, खाली वाळू, त्यात पाईपमधून केबल नागमोडी, आणि प्रत्येक दिव्याशी हातभर ढील. माती ओढू दे तिला काय ओढायचं ते. माळ्याला चर कुठून जातो ते चालवून दाखवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. खुरपं आणि कुदळ यांनी तुटलेल्या तारा मी मोजणं सोडून दिलंय. उंदरांचाही तोच बंदोबस्त, पाईपची तोंडं बंद ठेवायची.

आता व्होल्टेजचा कायमचा इलाज. जॉइंट सुधारले की शेवटच्या दिव्याला साडेनऊ मिळतील, पण साडेनऊच. म्हणून ठिबकसारखी सबमेन काढा. एसएमपीएसपासून ओळीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे २७-२८ मीटर, चार एमएमची एक केबल टाका आणि तिथून जुन्या केबलला दोन्हीकडे सप्लाय द्या. घराकडून पहिल्या दिव्याला येणारी जुनी जोडणी काढून टाका. चार एमएममध्ये एक व्होल्टच्या आत जातो, पुढे दोन्ही हातांना अर्धा व्होल्टही जात नाही. मधल्या दिव्याला ११, टोकाच्यांना १०.६. आकडा फार वाढला असं वाटणार नाही, पण आधी पहिल्या आणि शेवटच्या दिव्यात दीड व्होल्टचा फरक होता, तो अर्ध्यापेक्षा कमी झाला. डोळ्याला खुपतो तो फरक. सगळे सारखे मंद असले तर कोणी बघतही नाही. एसएमपीएसवर छोटा फिरवायचा स्क्रू असतो, त्याने १२ चे साडेबारा करा, मग टोकालाही ११ च्या वर मिळतील. हाच स्क्रू आजच्या ओळीवर फिरवून काम भागवू नका. आजही शेवटचे दिवे सुधारतील, पण फरक तसाच राहील आणि जवळचे दिवे उगाच गरम होतील. शिवाय दिवे किती व्होल्टपर्यंत सहन करतात ते दिव्यावर वाचून मगच हात लावा.

नवीन काम करणाऱ्यांनी २४ व्होल्टचा विचार करावा. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, ड्रॉप निम्मा, आणि २४ मधला निम्मा म्हणजे टक्क्यात पाव. तुमची आजची केबल २४ वर १.३ व्होल्टच खाल्ली असती. पण त्यासाठी दिवे २४ चेच हवेत, तुमचे १४ फेकून ते करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट या निमित्ताने कराच. एसएमपीएसपासून निघणाऱ्या प्रत्येक लाईनला फ्यूज टाका, गाडीत असतो तो पट्टीचा, तुमच्या लोडला ५ अँपिअरचा. १२ व्होल्ट शॉक देत नाही, पण आग लावू शकतो. तुमचा १०० वॅटचा शॉर्ट झाल्यावर स्वतःच बंद पडेल किंवा टिकटिक करत चालू-बंद होत राहील. ३५०-४०० वॅटचा असेल तर तो बारीक तारेतून तीस अँपिअर ढकलत राहतो आणि तार तापून तिच्यावरचं प्लास्टिक वितळू शकतं. वायरमनने सुचवलेला ‘मोठा ट्रान्सफॉर्मर’ मला म्हणूनही नको वाटतो.

आता आरसीसीबी. याचा बागेतल्या १२ व्होल्टच्या तारेशी जवळजवळ संबंध नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये २३० आणि १२ एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात, त्यामुळे १२ ची तार चिखलात पडली तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडायला नको. पडतोय म्हणजे ओल २३० च्या बाजूला आहे. एसएमपीएसचा इनपुट, त्याचा बॉक्स, किंवा त्याच लाईनवरचा गेटचा दिवा नाहीतर पाण्याची मोटर. पावसात एकेक सुटं करून बघा. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. आणि १२ च्या मायनसला कोणी अर्थिंग जोडून दिलं असेल तर काढा, त्या बाजूला ते नको असतं. एसएमपीएसच्या पत्र्याला मात्र अर्थिंग हवंच.

बॉक्स उघडाल तेव्हा आत पाल मेलेली आहे का बघा. हसू नका. उबेला किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि ती २३० च्या स्क्रूंच्या पट्टीवरून चालत जाते. भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा आणि केबल नेहमी बॉक्सच्या खालून आत घ्या, वरून नाही.

बॉक्स कोणत्या भिंतीला आहे? पश्चिमेला असेल तर हलवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि चार वाजता पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पत्र्याच्या बॉक्सला हात लावून ठेवता येत नाही. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला सर्वमान्य हिशोब आहे. दिवे रात्री लागतात हे खरं, पण तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत थंड होत नाही. भुसावळला एका ठिकाणी दोन उन्हाळ्यांत दोन एसएमपीएस गेले. तिसरा उत्तरेच्या भिंतीला, वळचणीखाली, खालून-वरून हवा खेळेल असा लावला, तो अजून चालू आहे. नवीन घेतला तर बाजूला ११०/२२० चं लाल बटण आहे का ते आधी बघा. ११० वर राहिलं आणि २३० दिलं की फटाका.

देखभालीसाठी मी तारखा सांगत नाही, सण सांगतो, ते लक्षात राहतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जमीन भेगाळलेली असते, तेव्हा बागेत फेरी मारा. भेग केबलच्या चरावरून जात असेल तर वाळू-मातीने बुजवा, दिव्याशी ढील उरलीय का बघा. मृग लागायच्या आत बॉक्सची पॅकिंगं आणि ग्लँड तपासा. हे एकच काम केलं आणि बाकी वर्षभर काही केलं नाही तरी अर्धे बिघाड टळतात. पोळ्याच्या सुमारास लोड चालू ठेवून पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या दिव्याचं व्होल्टेज मोजून बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वर्षी आकडा पडला की आजार दिसायच्या आधी कळेल. दिवाळीच्या साफसफाईत काचा पुसा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साध्या फडक्याने निघत नाही, लिंबू किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं थांबा, मग धुवा. घासणीने काच खरवडू नका. माळ्याला सांगा, युरिया दिव्याच्या बुडाशी पडू देऊ नको. अॅल्युमिनियम त्याने फुलतं आणि पितळेला त्यातून सुटणारा अमोनिया मानवत नाही.

राहिले पाणी शिरलेले दोन दिवे. दिवा गरम होतो, आतली हवा फुगून बाहेर पडते, बंद झाला की गार होऊन बाहेरची ओल आत ओढतो. म्हणजे तो रोज श्वास घेतो, आणि पॅकिंग कडक झालं असेल तर पाण्याचाच घोट घेतो. कधी कधी पाणी काचेतून येतच नाही, केबलच्या आतून, तारेच्या धाग्यांमधून चढत येतं, कारण दुसरं टोक ओल्या जॉइंटमध्ये उघडं असतं. म्हणून जॉइंट नीट केल्याशिवाय दिवा बदलला तर नवाही भरणार. दोन्ही उघडा, दोन दिवस उन्हात ठेवा. आतली एलईडीची पट्टी स्वच्छ असेल तर रबर बदलून परत बसवा. काळी पडली असेल तर टाकून द्या. नवे घेताना आयपी ६७ चे, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी आत पाणी न घेणारे, घ्या, लॉनमध्ये पाणी साचतं तिथे ६५ पुरत नाही. पाकिटावर ३००० के लिहिलेलं बघा, पांढऱ्या ६५०० पेक्षा पिवळसर उजेडाला पावसाळ्यात किडे कमी येतात. पण तुमचे बाकीचे बारा पांढरे असतील तर हे दोनही पांढरेच घ्या, नाहीतर ओळीत दोन दात वेगळे दिसतील.